अन्नपूर्णेच्या डोळ्यातलं कुंकू

पाहुणा आला की हा कधी एकदा जातोय, असं प्रत्येक घराला होतं. आमचं उलटं होतं. आमचा पाहुणा पाचव्या दिवशी जायचा आणि आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसायचो.

पाहुणा म्हणजे आतड्यात राहणारा एक परजीवी. त्याचं खरं नाव लांबलचक लॅटिन आहे. तीस वर्षं मी ते रजिस्टरात लिहिलं, पण बोलताना जीभ वळत नाही म्हणून आम्ही सगळे त्याला पाहुणाच म्हणायचो. इतका बारीक, की केसाच्या जाडीत पंधरा सहज बसतील. दूषित पाण्यातून पोटात जातो, आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो आणि तिथंच घर करतो. अंगावर असं टणक कवच, की पाण्यात क्लोरीन टाका नाहीतर काही टाका, साहेब ढिम्म. धडधाकट माणसाला पंधरा दिवस जुलाब होतात आणि मग शरीर स्वतःच त्याला हाकलून देतं. पण ज्याच्या शरीरात हाकलायची ताकदच नसते, त्याच्याकडे हा मुक्काम ठोकतो.

ईश्वरीकडे त्यानं चार महिने मुक्काम ठोकला होता.

ईश्वरी खरात, वय चौदा महिने, गाव जत तालुक्यातलं. जन्मतःच तिची प्रतिकारशक्ती लुळी होती. त्यावर इलाज होता, बापाची अस्थिमज्जा तिला जुळत होती, पण पोट थांबल्याशिवाय डॉक्टर त्या उपचाराला हात लावायला तयार नव्हते. आणि पोट काही थांबत नव्हतं. मिरजेत आमच्या संशोधन केंद्राला लागूनच मुलांचा वॉर्ड आहे. रोज सकाळी तिचा नमुना आणायला मीच जायची. रजिस्टरात एक रकाना असतो, ‘स्वरूप’. चार महिने त्या रकान्यात मी एकच शब्द लिहीत होते, पाण्यासारखी.

मी कालिंदी माने, केंद्राची सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. मार्चअखेर निवृत्त होणार होते. म्हणजे आयुष्यभर मी लोकांची शी तपासली, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. नाक मुरडणाऱ्यांना मी सांगते, बाबांनो, तोंडावर माणूस खोटं बोलतो, इथं नाही बोलत.

आता ताटलीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी हा परजीवी जिवंत ठेवायला नुकतं जन्मलेलं वासरू लागायचं. त्याला मुद्दाम आजारी पाडायचं आणि त्याच्या शेणातून परजीवी गोळा करायचे. ते काम मी अकरा वर्षं केलं, आणि त्या वासरांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत केलं. मग डॉ. गौरांगी दातार आल्या. वयानं माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान, पण हुशारी अशी की ऐकत बसावं. त्यांनी वासरं बंद केली आणि ताटल्या आणल्या. रोग्याच्या आतड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दुर्बिणीतून काढायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि एका बारीक जाळीवर पसरायच्या. जाळी ताटलीतल्या एका पेल्यात अधांतरी बसवलेली असते. जाळीखाली गुलाबी पोषक द्रव आणि जाळीवरही तोच द्रव. अशी त्या रोग्याचीच छोटी आतडी तयार होतात. त्यात त्याचाच परजीवी सोडायचा आणि बेचाळीस औषधं करून बघायची. जे इथं लागू पडेल ते रोग्याला. लेकराच्या अंगावर प्रयोग करायला नकोत.

सगळं छान, फक्त पाहुणा राहील तर! औषधाचा निकाल लागायला नऊ दिवस लागायचे. हा ताटलीत शिरायचा, एकाचे चार, चाराचे सोळा व्हायचा. पुढच्या पायरीला नर-मादी तयार होऊन त्यांचं मीलन व्हावं लागतं, तेव्हा कुठं नवे कवचवाले जन्मतात. आमच्याकडे लग्नाआधीच मांडव मोडायचा. पाचव्या दिवशी सगळे मेलेले.

“मावशी, मला एक सांगा,” ईश्वरीची आई प्रतीक्षा मला एकदा म्हणाली. तेवीस वर्षांची पोर, वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या डब्यातली भाकरी खात बसली होती. “तुमच्या ताटलीत तो आपोआप मरतोय. मग माझ्या पोरीच्या पोटात का मरंना?”

मी डबा तिच्याकडे सरकवला. “भाकरी खा आधी,” म्हटलं.

ताटल्यांना द्रव घालायचं काम एका यंत्राचं होतं. काचेच्या बंद खोलीत एक लांब हात फिरायचा. हाताच्या पुढच्या टोकाला मसुराएवढा डोळा. तो प्रत्येक पेल्यात वरून बघायचा. गुलाबी दिसलं म्हणजे भरलेलं, पुढे चला. गुलाबी नाही दिसलं की वरची, म्हणजे जाळीवरची, वाटी भरा. खालच्या वाटीला वेगळी नळी होती, तिथं द्रव सतत खेळता असायचा. या यंत्राचं नाव मी अन्नपूर्णा ठेवलं होतं. त्याची देखभाल इरफान मुजावर करायचा. मिरजेचाच पोरगा, कंत्राटावर होता, पण यंत्राला असा जपायचा की त्याची बायको म्हणायची, मला एकदा तरी असं पुसा.

आणि आली खंडेनवमी.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. नवमीला डेपोत गाड्या धुऊन झेंडूच्या माळा लागायच्या. मी हट्टानं बरोबर जायची. वडील गाडीच्या काचेवर, वरच्या पट्टीवर, पाच बोटं कुंकवाची ओढायचे. म्हणायचे, “जी आपल्याला घास देते तिचं कपाळ आज मोकळं ठेवायचं नाही.” मला उचलून घ्यायचे आणि माझं बोट धरून टिळा लावायला लावायचे. एकदा मी हेडलाइटलाच कुंकू फासलं, तर केवढ्यानं ओरडले! “कपाळाला लाव गं, डोळ्यात नको! रात्री दिसायचं कसं तिला?”

आमच्या केंद्रात पूजा व्हायची ती बाहेर, व्हरांड्यात. जुना मायक्रोस्कोप पाटावर ठेवून. दातार मॅडमनी बजावलं होतं, “कालिंदीताई, पूजेला माझी ना नाही. पण काचेच्या खोलीत फूल नाही, हळद नाही, कुंकू नाही. लेखी सांगतेय.” लेखी म्हणजे खरंच सही-शिक्क्याचं.

बरोबरच होतं त्यांचं. कळत नव्हतं असं नाही. पण ती माझी शेवटची नवमी होती. पुढच्या वर्षी मी घरी बसलेली असणार. सगळे पेढे खात होते. मी हात धुतले, अंगरखा-टोपी चढवली आणि आत गेले. हातमोज्याच्या बोटाला चिमूटभर कुंकू होतं. अन्नपूर्णेचा हात जागेवर थांबलेला होता. म्हटलं, बाई, तुझ्या जिवावर त्या पोरीचा जीव आहे, सांभाळ. आणि टोकाला बोट टेकवून बाहेर आले. त्यानंतर शनिवारी दसरा, रविवारी सुट्टी. यंत्र आपलं आपण चालतं, त्यामुळे कुणी फिरकलं नाही.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचले आणि थेट अन्नपूर्णेकडे गेले. कुंकू कपाळाला नव्हतं, बरोब्बर डोळ्यावर होतं. आता त्या हाताला कपाळ कुठलं आणि डोळा कुठला, घाईत कळलं नव्हतं. मी झटकन स्पिरिटचा बोळा घेतला आणि लख्ख पुसलं. पुसलं तशी अन्नपूर्णा भराभरा पेले भरू लागली. मला वाटलं, तिची वेळ झाली असेल. कुणाला सांगितलं नाही. अकरा वाजता मॅडमनी त्या ताटलीत ईश्वरीचा पाहुणा सोडला.

पाचवा दिवस गेला, पाहुणा होता. सहावा, सातवा गेला. नवव्या दिवशी मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या त्या ओरडतच, “कवचं! नवी कवचं! लग्न लागलं!” आणि त्यांनी मला चक्क मिठी मारली. ताटलीत मोजून सहा पेले होते, बेचाळीस औषधांना ते कुठले पुरणार? म्हणून नवी ताटली केली, तस्संच सगळं. पाचव्या दिवशी पाहुणा गेला.

परत केली. परत गेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. माझ्या मनात एकच चालू होतं, हे कुंकवानं झालं का? तीस वर्षं विज्ञानात काढलेली बाई मी, लाज वाटते सांगायला, पण तिसऱ्या ताटलीच्या वेळी मी चोरून पुन्हा आत गेले आणि पुन्हा कुंकू लावलं. या वेळी नीट बघून, डोळा चुकवून, मागे लोखंडावर. म्हटलं, घे आई, आता तरी प्रसन्न हो. पाचव्या दिवशी पाहुणा गेला.

ईश्वरी साडेपाच किलोवर आली होती. सलाइनला शीर सापडत नव्हती. वॉर्डातल्या डॉक्टरांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं ते मला ऐकू आलं, “तीन आठवडे. फार तर.”

त्या दिवशी दुपारी मॅडमनी इरफानला बोलावलं. मी टेबलापाशीच होते.

“दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तू मशीनची सर्व्हिसिंग केलीस. त्याच्या आधीची ताटली जगली, नंतरची एकही नाही. काय बदललंस?”

“काही नाही मॅडम. खरंच.”

“काहीतरी बदललंय! आठव. तुला कळतंय का काय पणाला लागलंय?”

“मॅडम, अल्लाची शपथ. मी फक्त डोळा पुसायला गेलो होतो. तर तो आधीच लख्ख होता. मला वाटलं ताईंनी पुसला असंल.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“पुसला होता,” मी म्हटलं. “सवयीनं.”

मॅडमनी एवढ्यावर सोडलं. इरफानला म्हणाल्या, “उद्यापासून दुसरा माणूस येईल. मला रिस्क नको.” त्यानं हत्यारांची पिशवी उचलली. जाताना मला म्हणाला, “ताई, अन्नपूर्णेचा डावा सांधा करकरतोय, नव्या माणसाला सांगा.” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी नुसतीच बसून राहिले. समोर वरच्या वाट्यांच्या गुलाबी द्रवाची मोठी बाटली होती. दर चार दिवसांनी ती संपते आणि मी नवी लावते, तारीख टाकते. तारखांवरून उगीच बोट फिरवत होते. चार दिवस, चार दिवस, चार दिवस. आणि दसऱ्याच्या आठवड्यात सात.

सात कसे? यंत्राची नोंद उघडली. शुक्रवार, शनिवार, रविवार, दर तासाला एकच शब्द, ‘भरलेले’. तीन दिवसांत एकदाही भरायची वेळ आली नाही, असं कसं होईल?

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी उभीच राहिले. लाल कुंकवातून बघितल्यावर रिकामा पेलासुद्धा गुलाबीच दिसणार! तीन दिवस अन्नपूर्णेला वाटत होतं की सगळ्यांची पोटं भरलेली आहेत. वरच्या वाट्या सुकल्या होत्या. खालून अन्न मिळत होतं आणि वरून नुसती हवा. दुसऱ्यांदा मी डोळा चुकवला, तेव्हा वाट्या भरल्या आणि पाहुणा मेला. कुंकवाचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो न भरण्याचा.

मॅडमच्या केबिनपर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत निवृत्तीचा समारंभ, शाल-नारळ, ‘माने बाईंसारखी शिस्त कुणाला नाही’ म्हणणारी भाषणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आजवर मी किती जणांना नियमावरून झापलं होतं! जाऊ दे मरू दे, म्हटलं. साडेपाच किलो.

“मॅडम, इरफाननं काही केलेलं नाही. मी केलंय.”

सगळं सांगितलं. पहिलं कुंकू, दुसरं कुंकू, स्पिरिटचा बोळा, बाटलीच्या तारखा. मॅडमच्या नाकाचा शेंडा लाल होत गेला तेवढा दिसला.

“किती दिवस झाले?”

“पंचवीस.”

“पंचवीस दिवस तुम्ही गप्प बसलात. पंचवीस दिवस ती पोरगी...” त्या उठून खिडकीशी गेल्या. मी मान खाली घालून उभी. मला वाटलं, आता जा म्हणतील. पण त्या वळल्या तेव्हा चेहरा बदलला होता, हिशेब जुळत आलेल्या माणसाचा होतो तसा.

“हवा,” त्या म्हणाल्या. “अहो ताई, हवा! वरून पाण्यात बुडालेल्या पेशी पोरकटच राहतात. वरचं पाणी काढलं की मोठ्या होतात, चिकट स्राव सोडतात, अंगावर बारीक केस उगवतात. खऱ्या आतड्यासारख्या होतात. परदेशात पाहुण्याच्या दुसऱ्या जातीवर हे करून बघितलंय लोकांनी. आपल्या जातीला चालत नाही असं मीच ठरवलं होतं. एक दिवस हवा देऊन बघितली आणि सोडून दिलं. त्याला तीन दिवस हवे होते. तीन!” मग एकदम थांबून म्हणाल्या, “आणि दुसऱ्यांदा तुम्ही डोळा सोडून लावलंत?”

“हो.”

“म्हणजे तुलनेचा प्रयोगसुद्धा केलात तुम्ही. तोही कुंकवानं.” हसू की रडू असं झालं त्यांना. “तुम्हाला मेमो मिळणार आहे. सोडणार नाही मी.”

“द्या. पण आधी इरफानला फोन करा.”

“तो तुम्ही करायचा,” त्या म्हणाल्या.

केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, त्या डोळ्याची किंमत माहीत आहे का तुम्हाला? पुढच्या वेळी मला विचारा, कपाळ कुठाय ते मी दाखवतो.” आणि अर्ध्या तासात हजर झाला. अन्नपूर्णेला वरच्या वाट्या तीन दिवस भरू नकोस असं त्यानं शिकवलं, तेही डोळ्यात काही न घालता.

तीन दिवस हवा दिली. चौथ्या दिवशी पाहुणा सोडला, एकदम शंभर पेल्यांत. पाचवा दिवस आला तेव्हा मी डबा उघडलाच नाही. मॅडमनी मायक्रोस्कोपमधून मान वर केली आणि नुसता अंगठा दाखवला. नवव्या दिवशी निकाल. बेचाळीस औषधांपैकी एकोणचाळिसांच्या पेल्यांत पाहुणा मजेत. दोन औषधांनी पाहुण्याबरोबर घरही जाळलं, पेशीच मेल्या. आणि सत्ताविसाव्या औषधाच्या पेल्यात पेशी ठणठणीत, पाहुण्याचा मागमूस नाही. औषध जुनंच, भलत्याच रोगासाठी वापरात असलेलं, मुलांना चालणारं. प्रत्येक औषधाचे दोन-दोन पेले होते, दुसऱ्यातही तेच. नैतिकता समितीची परवानगी मिळायला दोन दिवस गेले, त्या दोन दिवसांत मॅडम फोनवर कुणाकुणावर ओरडल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पहिला डोस मंगळवारी दिला. बुधवारी रजिस्टरात मी लिहिलं, पाण्यासारखी. गुरुवारी, पाण्यासारखी. शुक्रवारी लिहिताना पेन थांबलं, पण खोटं कसं लिहू? पाण्यासारखी. प्रतीक्षा त्या दिवशी नुसती डब्याकडे बघत बसली, आणि मीही ‘खा’ म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी मी वॉर्डाकडे निघायच्या आधीच व्हरांड्यातून चपलांचा फटफट आवाज आला. प्रतीक्षा धावत येत होती. केस मोकळे, ओढणी एका खांद्यावर, आणि हातात, देवाचा प्रसाद धरावा तसा, उघडा डायपर! मागून सिस्टर ओरडतायत, “अगं, ते तिथं नेऊ नकोस!” ती कसली ऐकतेय.

“मावशी! मावशी, बघा हो! शी बघा!”

दारातच मी तो हातात घेतला. हातमोजेसुद्धा घालायचं सुचलं नाही. बघितलं. वाकून बघितलं, तिरकं करून बघितलं. मॅडम आल्या, इरफान आला, चार शिकलेली माणसं त्या डायपरभोवती गोल करून उभी. पिवळीधमक, मऊ, पण बांधून झालेली. आयुष्यात हजारो नमुने बघितले, इतकी सुंदर शी मी दुसरी बघितली नाही.

“रात्रीपासनं एकदाच झाली,” प्रतीक्षा सांगत होती, रडत होती, हसत होती. “आणि पेज मागून घेतली मावशी! वाटीला हात घातला तिनं!”

मॅडमनी तिला जवळ घेतलं. नंतर मला म्हणाल्या, “ताई, नमुना घ्या, तपासा. उगीच नाचायचं नाही.”

मी तपासलं. पूर्ण काच तीनदा फिरवली. तीन कवचं सापडली, तीही रिकामी. रजिस्टर ओढलं. ‘स्वरूप’च्या रकान्यात चार महिन्यांची ओळ वरून खाली एकाच शब्दाची होती. तिच्याखाली मी लिहिलं, ‘बांधलेली’, आणि अक्षर नीट येईना म्हणून ते पुन्हा गिरवलं. शेजारी टेबलावर पाकिटात माझा मेमो पडला होता, सकाळीच सही करून घेतलेला.

मॅडम मागून डोकावल्या. “काय ताई, डोळ्यात काय गेलं?”

“कुंकू,” मी म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले.